पक्षी उडतो तसं अंतर

पोर्तोमधल्या एका कचेरीत, चौथ्या मजल्यावर,
मी दिवसाला सत्तर माणसांना नाही म्हणते.
नाही म्हणायचे अकरा मसुदे तयार आहेत.
सातवा धुक्याचा. तोच सगळ्यात जास्त चालतो.
सुरुवात "असाधारण परिस्थितीमुळे",
शेवट "आपली नम्र", आणि खाली जे नाव,
त्या नावाचं इथे कोणीच नाही.

देओलिंदा मोर्गादू यांनी त्यावर उलट पत्र धाडलं.
निळी शाई, वहीतून फाडलेली चार पानं,
समासात तेलाचा डाग.

"बाई असाल किंवा बुवा,
तुम्ही कळवलंत, त्या सकाळी धुकं होतं.
मी सहापासून साडेअकरापर्यंत खिडकीशी बसून होते.
धावपट्टीपलीकडची निलगिरीची झाडं मला मोजता येत होती.
त्या वेळात उडालेल्या विमानांची यादी जोडली आहे.
नावं वाचता आली नाहीत, म्हणून शेपटांचे रंग लिहिलेत."

सात दहा, हिरवं-तांबडं.
सात पंचवीस, नारिंगी.
सात चाळीस, पांढरं, मळकं.
अशी एकोणीस.
त्यात एक आमचंही होतं.

"लक्झेंबर्गला भावाचं ऑपरेशन होतं. अबीलिउ.
तीस वर्षं तिथल्या लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवतो.
भूल चढेपर्यंत कोणीतरी हात धरावा, एवढंच त्याचं मागणं.
नर्सने धरला. तिचे आभार मी मानलेत,
ते तुमच्या खात्यात धरू नयेत.

मी रात्रीच्या बसने गेले. तीस तास.
शेजारी एक गवंडी, फ्रान्स संपेपर्यंत घोरत होता.
आता खरं तेही सांगते, लपवून काय मिळणार:
बिहीची वडी विमानात नेऊ देत नाहीत,
म्हणून मी ती घरीच ठेवली होती. सव्वा किलो.
विमान रद्द झालं तशी घरी जाऊन घेऊन आले.
बसमध्ये कोण विचारतंय?
तिसऱ्या दिवशी अबीलिउने बोटं चाटून खाल्ली.
तेव्हा एका परीने तुमचे उपकारच झाले.
त्याचे किती कापायचे ते तुम्हीच ठरवा.

पुतणी म्हणते, भरपाई अंतरावर ठरते.
बसचा ड्रायव्हर म्हणाला, दोन हजार किलोमीटर तरी झाले.
हिशेबाला बरं पडेल म्हणून कळवते."

पडत नाही, बाई.
कायदा रस्ता मोजत नाही. पक्षी उडतो तसं मोजतो,
दोन धावपट्ट्यांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी ताणावी तसं.
पंधराशेच्या वर चारशे युरो. आत असेल तर अडीचशे.
तुमची दोरी पंधराशेला जराशी कमी पडते.
तुम्ही समोर असतात तर विचारलं असतंत,
कुठला पक्षी?

धुक्याचं म्हणाल तर
ते पहाटे पाचला आलं आणि सहाच्या आत गेलं.
कागदावर अजून आहे.
वैमानिकाच्या कामाचे तास संपले होते, दुसरा जवळपास नव्हता.
हे मला ठाऊक आहे, टेल्मुला ठाऊक आहे,
खाली कॉफी देणाऱ्या पोरालासुद्धा.

टेल्मु म्हणाला, "सातवाच परत पाठव आणि जेवायला चल,
सूप गार होतंय."
सूपवरून आठवलं, चौथ्या पानाला टाचणीने
एक पावती लावली होती.
विमानतळावरचं सूप, तीन युरो चाळीस.
शेजारी कंसात: "अळणी होतं."

हो म्हणायचा मसुदा एकच आहे.
शोधायला वेळ लागला.
अडीचशे. अधिक तिकिटाचे पैसे. अधिक तीन चाळीस.
वडीसाठी रकाना नाही.
पेन्सिलीने कोपऱ्यात शून्य लिहिलं, मग खोडलं,
त्यांना वाटायचं, आम्ही तिची किंमत केली.

खाली तेच नाव राहू दिलं, नसलेल्या माणसाचं.
माझं धाडस तेवढंच.
पण पाठवण्याआधी वाचताना दिसलं,
दुसऱ्याच ओळीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे,
इतकी वर्षं कोणाच्या नजरेला न पडलेली.
ती मात्र दुरुस्त केली.